धबधब्यावरची गच्ची आणि सात इंचांचा झोळ

पिट्सबर्गमधल्या एका बड्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक एडगर कॉफमन यांना पेनसिल्व्हेनियातल्या बेअर रन ओढ्याकाठी घर हवं होतं, समोर धबधबा दिसेल असं. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये आराखडा काढला तो थेट धबधब्याच्या डोक्यावर. दिवाणखाना आणि गच्ची खडकातून निघून सुमारे पंधरा फूट पुढे झेपावणार, खाली खांब एकही नाही. वास्तुकलेच्या पुस्तकांत ‘फॉलिंगवॉटर’ म्हणून गाजलेलं घर ते हेच.

एक टोक रोवलेलं आणि दुसरं मोकळं, अशा तुळईचं गणित गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथातच मांडायला घेतलं होतं. त्याचं उत्तर पुरतं बरोबर नव्हतं. ती दुरुस्ती व्हायला पुढची दोन शतकं गेली. राइट यांच्या काळापर्यंत मात्र हे सारं पाठ्यपुस्तकात आलेलं होतं. टोकावरचा भार तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर टोक आठपट खाली वाकतं. उभी जाडी दुप्पट केली, तर तोच बाक आठव्या हिश्शावर येतो. शिवाय अशा तुळईत ताण वरच्या अंगाला येतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही. म्हणून सळई वरच हवी.

राइट यांना हे कळत नव्हतं, असं मुळीच नाही. त्यांनी तुळया वर आणि जमिनीचा स्लॅब त्यांच्या तळाशी ठेवला, म्हणजे दाबाच्या बाजूला भरपूर काँक्रीट मिळालं. युक्ती झकास होती. पण मुख्य तुळईत सळया आठच.

कॉफमन यांनी नेमलेल्या इंजिनिअरांना ते पटेना. त्यांनी राइटना न विचारता आठाच्या सोळा करून टाकल्या. राइट भयंकर संतापले. पुढे याच इंजिनिअरांच्या सांगण्यावरून एका गच्चीखाली आधाराची दगडी भिंत लांबवली गेली, तेव्हा राइट यांनी तिचा वरचा थर गुपचूप काढायला लावला. महिन्याभरानं मालकाला ती फट दाखवली: बघा, भिंत टेकलेलीच नाही, तरी गच्ची उभी आहे!

उभी होती खरी, पण सरळ नव्हती. सेंट्रिंग काढलं त्याच वेळी दिवाणखान्याचं टोक पावणेदोन इंच खाली आलं होतं. असा बाक येणार हे धरून बाहेरचं टोक आधीच थोडं वर उचलून ओततात. इथे ते राहून गेलं होतं. त्यात वरच्या मजल्याच्या गच्चीचं ओझं खिडक्यांच्या बारीक पोलादी पट्ट्यांमधून खालच्याच मजल्यावर उतरत होतं. कायमच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. १९९० च्या दशकापर्यंत झोळ सात इंचांपर्यंत पोचला आणि अजून वाढतच होता.

इंजिनिअर रॉबर्ट सिलमन यांच्या कंपनीनं हिशेब नव्यानं मांडला. १९९७ मध्ये ओढ्यातून पोलादी टेकू उभे राहिले. राइट यांनी हटवलेला आधार असा साठ वर्षांनी परत आला. पण टेकू कायमचा ठेवला तर घराची शानच गेली. म्हणून २००२ मध्ये दिवाणखान्याच्या फरशीचे दगड उचलले, तुळयांच्या दोन्ही अंगांना पोलादी केबल टाकल्या आणि त्या जॅकनं ताणल्या. ओझं तुळई खाली वाकवतं, ताणलेली केबल तिला उलट वर रेटते. मग दगड पुन्हा जागच्या जागी बसले. घर पूर्ववत सपाट करण्याचा हट्ट कुणी धरला नाही, कारण तसं करताना नव्या भेगा पडल्या असत्या. जेमतेम उचलून झोळ जागीच थांबवला.

श्रेय राइट यांच्या कल्पनेला द्यावंच, पण त्या चोरून घातलेल्या सळयांनाही द्यायला हवं. मूळच्या आठ सळया पुरेशा नव्हत्या, असंच नव्या हिशेबात निघालं. आपल्याकडे साध्या छज्ज्याचा घोटाळाही बहुधा या वरच्या सळईपाशीच होतो. वर बांधलेली सळई काँक्रीट ओतताना माणसांच्या पायांखाली दबून तळाशी जाते आणि मग ती असून नसल्यासारखीच. घराचं काम काढलं असेल, तर बाल्कनीचा स्लॅब पडेल त्या दिवशी साइटवर हजर राहा आणि वरच्या सळईवर कुणाला उभं राहू देऊ नका.