परत आलेले नव्वद जोड

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. दाट अरण्ये, असंख्य तळी आणि कडाक्याचा हिवाळा ही त्याची ओळख. या राज्यातील फ्रीपोर्ट या लहानशा गावी १९१२ साली ‘एल. एल. बीन’ या व्यवसायाचा आरंभ झाला. रानावनांत हिंडणाऱ्यांसाठी मजबूत बूट, उबदार सदरे, थंडीवाऱ्याला तोंड देणारे कोट असा त्याचा माल. शतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्याची मालकी आजही संस्थापकाच्या कुटुंबाकडेच आहे. या दीर्घायुष्याचे मूळ शोधू गेल्यास ते एका फसलेल्या मालापाशी सापडते.

संस्थापक लिऑन लिऑनवूड बीन यांचा जन्म १८७२ चा. वयाच्या बाराव्या वर्षी, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, त्यांचे आईवडील निवर्तले. पुढे ते फ्रीपोर्टला दुकानदारी करू लागले. पण मन रमे ते शिकारीत. ओल्या रानात चामड्याचे बूट भिजत आणि पाय गारठत. म्हणून त्यांनी तळ रबराचा आणि वरचा भाग हलक्या चामड्याचा, असा जोड गावातील कारागिराकडून शिवून घेतला. शिकारीचा परवाना घेतलेल्या परराज्यांतील लोकांचे पत्ते मिळवून त्यांना छापील पत्रके धाडली. पत्रकात पूर्ण समाधानाची हमी दिलेली होती.

पहिले शंभर जोड विकले गेले आणि त्यांतले नव्वद परत आले. मऊ रबरात शिवण टिकली नव्हती. गिऱ्हाईक दूर गावचे, दुकानदार अनोळखी. मौन धरले असते तर फारसे कोणी विचारायलाही आले नसते. परंतु बीन यांनी प्रत्येकाचे पैसे परत केले, कर्ज काढले, अधिक टिकाऊ रबर बनवून घेतले आणि पुन्हा आरंभ केला. हातचे भांडवल गेले, पण पत राहिली. १ जानेवारी १९१३ पासून अमेरिकेच्या टपाल खात्याने पार्सल सेवा सुरू केली आणि ही पत घरोघरी पोहोचू लागली. माल झिजून संपेपर्यंत गिऱ्हाईक समाधानी राहिले, तरच विक्री पूर्ण झाली, अशा आशयाची सूचना बीन यांनी दुकानात लावली होती.

पहाटे शिकारीला निघणारे लोक अवेळी दार ठोठावीत. म्हणून १९५१ पासून फ्रीपोर्टचे दुकान रात्रंदिवस उघडे राहू लागले. नंतर ते बंद राहिल्याचे प्रसंग मोजकेच. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर, १९६७ साली संस्थापकाच्या निधनानंतर आणि २०२० च्या महामारीत त्याची दारे मिटली.

बीन वारले, तेव्हा दुकान जुन्या चाकोरीत अडकले होते. धुरा नातू लिऑन गॉर्मन यांच्याकडे आली. त्यांनी जुनाट कामकाज बदलले, मालाची कसोटी कडक केली आणि गावच्या दुकानाला देशव्यापी व्यवसायाचे रूप दिले. हमी मात्र आजोबांचीच ठेवली. २००१ मध्ये त्यांनी प्रमुखपद प्रथमच कुटुंबाबाहेरील व्यक्तीकडे सोपविले.

या हमीची खरी परीक्षा मात्र अलीकडे झाली. वर्षानुवर्षे वापरून जीर्ण झालेला, क्वचित दुसऱ्याकडून जुना विकत घेतलेला मालही काही लोक परत आणून पैसे मागू लागले. पाच वर्षांत अशा परताव्यांपायी पंचवीस कोटी डॉलरचा भार पडल्याचे कंपनीने सांगितले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये अमर्याद मुदतीला एका वर्षाची मर्यादा घातली. खरेदीचा पुरावाही आवश्यक ठरला. अनेक जुन्या गिऱ्हाइकांना हे जिव्हारी लागले. दिलेला शब्द मोडला, असे काहींना वाटले. त्यांचे दुःख खरे होते. पण विश्वास हा दोन्ही बाजूंनी सांभाळण्याचा ठेवा आहे. देणाऱ्याने सचोटी राखावी आणि घेणाऱ्याने तिचा गैरफायदा घ्यावा, असा व्यवहार फार काळ टिकत नाही. शंभरांतले नव्वद जोड परत आले, तेव्हा दोष मालाचा होता आणि दुकानदाराने तो पत्करला. शतकानंतर परत येणाऱ्या सगळ्याच मालात दोष नव्हता. काही वेळा तो घेणाऱ्याच्या वृत्तीत होता.

बीन यांचे ते बूट आजही मेनमध्येच तयार होतात. तळ झिजला की जोड कारखान्यात पाठवावा. मोबदला घेऊन नवा तळ बसवून मिळतो. वरचे चामडे जुने, मालकाच्या पायाला सरावलेले; खालचा तळ नवा, पुढच्या वाटेसाठी सज्ज. दीर्घकाळ टिकणाऱ्या कोणत्याही संस्थेला हीच रीत पाळावी लागते. जे झिजले ते वेळीच बदलावे, जे मुरले ते जपावे आणि या दोहोंना जोडणारी शिवण उसवू देऊ नये.