तिलिस्म, अय्यारी आणि टीव्हीचा पडदा

दास्तान सांगणारे जुने उस्ताद दास्तानीचे चार भाग मानत : रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी. रज्म म्हणजे लढाई. बज्म म्हणजे दरबार, मैफल, प्रेमिकांच्या भेटीगाठी. तिलिस्म म्हणजे एखाद्या जाणत्याने बांधून ठेवलेली गूढ बंदिस्त दुनिया. तिच्यात शिरणे सोपे, बाहेर पडणे कठीण. अय्यारी म्हणजे वेषांतर, हुशारी आणि फसवणुकीची कला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या परंपरेतल्या कथा टीव्हीवर आल्या, त्या पाहताना आम्हांला हे चार भाग पुन्हा पुन्हा आठवतात. टीव्हीने यातले रज्म आणि बज्म उचलले. तिलिस्म आणि अय्यारी यांची फक्त नावे उचलली. पुस्तकावर जीव टाकणारा वाचक या मालिका पाहून हिरमुसतो, त्याचे कारण इथे आहे असे आम्हांला वाटते.

तक्रार करण्याआधी इतिहास पाहिला पाहिजे. अमीर हमजाची दास्तान फारसीतून हिंदुस्थानात आली. अकबराने तिची सुमारे चौदाशे चित्रे काढून घेतली. उर्दूत तिचा खरा विस्तार लखनौला झाला. मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने १८८३ पासून या दास्तानीचे खंड काढायला सुरुवात केली आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ते सेहेचाळीस झाले. त्यांतला सर्वांत लाडका भाग ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. त्याचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. होशरुबा हा जादूगारांचा मुलूख आहे. अफरासियाब त्याचा बादशहा. तिथे फौजेने फारसे काही साधत नाही. साधते ते अमर अय्यारच्या डोक्याने आणि त्याच्या जंबीलने. जंबील म्हणजे त्याची झोळी, जिच्यात अख्खी दुनिया मावते. हा ग्रंथ छापला एका हिंदू प्रकाशकाने आणि लिहिला दोन मुसलमान दास्तानगोंनी. त्या काळी कुणाला यात नवल वाटले नाही.

या खंडांचे छापणे चालू असतानाच बनारसला देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) यांनी हिंदीत ‘चंद्रकांता’ लिहिली. १८८८ च्या सुमारास ती वाचकांसमोर आली. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, चुनारचा शिवदत्त, वजीराचा मुलगा क्रूरसिंह आणि या सगळ्यांभोवती फिरणारे अय्यार. खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथले पडके किल्ले, गुहा, दऱ्या त्यांनी पाहिलेल्या होत्या. केवळ ही कादंबरी वाचता यावी म्हणून अनेकांनी नागरी अक्षरे गिरवली, हे हिंदी साहित्याच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. त्यानंतर आली चोवीस भागांची ‘चंद्रकांता संतति’.

आता या कादंबरीची परिभाषा पाहा. तिलिस्म, अय्यार, कमंद, बेहोशी, लखलखा. सगळे शब्द अरबी-फारसी वळणाचे, दास्तानीतून सरळ आलेले. अमर अय्यारची जंबील इथे तेजसिंहाचा बटवा झाली. म्हणजे आधुनिक हिंदीचा वाचकवर्ग ज्या पुस्तकाने घडवला, त्याचा पाया उर्दू दास्तानीत आहे. हे आम्ही कुणावर उपकार म्हणून मोजत नाही. क्रूरसिंहाच्या पदरचे नाजिम आणि अहमद हे कपटी अय्यार मुसलमान आहेत, हेही आम्ही झाकत नाही. होशरुबातही शत्रूपक्ष परधर्मी जादूगारांचाच आहे. दोन्ही ग्रंथांना आपापल्या काळाचे पूर्वग्रह आहेत. पण दोन्हीकडे शत्रूच्या अय्याराच्या कसबाला दाद मिळते, आणि ही दाद धर्म विचारून दिली जात नाही.

खत्रींनी दास्तानीतून घेतले तसे तिच्यात एक मोठा बदलही केला. होशरुबातला तिलिस्म जादूने बांधलेला आहे. खत्रींचा तिलिस्म कारागिरांनी बांधलेला आहे. पुतळा हात उचलतो तो आतल्या कळीने, दरवाजा उघडतो तो खटक्याने, माणूस बेशुद्ध पडतो तो भुकटीने आणि शुद्धीवर येतो तो लखलखा हुंगून. वाचक आधी घाबरतो आणि मग त्याला उलगडा मिळतो. विलायतेत अशीच गोष्ट शंभर वर्षे आधी घडली होती. होरेस वॉलपोलच्या ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’मध्ये (१७६४) आकाशातून प्रचंड शिरस्त्राण पडते आणि त्याला काही कारण लागत नाही. तीस वर्षांनी अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्ये (१७९४) काळ्या पडद्यामागचे भयंकर दृश्य शेवटी मेणाचे निघते. वॉलपोल होशरुबाच्या जवळचा, रॅडक्लिफ खत्रींच्या जवळची. जुना किल्ला, भुयार, कोंडलेली नायिका, वंशाचे गुपित हे सामान दोन्ही देशांत सारखेच आहे.

मराठीही या गोतावळ्याबाहेर नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या त्याच सुमारास, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. तिच्यानंतर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत बाणभट्ट जितका आहे, तितकाच हातिमताई आणि गुलबकावलीच्या किश्शांचा वारा आहे. पुढे हरिभाऊ आपट्यांनीही आपली पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या इंग्रजी रहस्यकथेच्या वळणावर लिहायला घेतली होती. त्याच रेनॉल्ड्सची पुस्तके उर्दूत तीरथराम फिरोजपुरी यांनी आणली. मराठी आणि उर्दू वाचक एकाच काळात एकाच भुयारात उतरत होते, फक्त त्यांची दारे वेगळी होती.

अशा पुस्तकांची मालिका होते तेव्हा काय होते? ‘चंद्रकांता’ १९९४ मध्ये दूरदर्शनवर आली. निर्मिती नीरजा गुलेरी यांची, दिग्दर्शन सुनील अग्निहोत्री यांचे, लेखनात कमलेश्वर यांच्यासारखा मोठा लेखक. रविवारची सकाळ त्या मालिकेची झाली. आमचे वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्या काळच्या थोरामोठ्यांना आजही शीर्षकगीत आठवते आणि क्रूरसिंहाचे ‘यक्कू’ आठवते. अखिलेंद्र मिश्र यांनी ते पात्र घराघरांत नेले. बद्रीनाथाच्या भूमिकेत इरफान खान होते, ज्यांची खरी किंमत देशाला पुढे कळली. कलावंत कमी पडले असे म्हणायला जागा नाही.

कमी पडला तो मालिकेचा विचार. खत्रींनी जे मुद्दाम गाळले होते, ते मालिकेने मुद्दाम परत आणले. कळी-खटक्यांच्या जागी मायावी शक्ती आल्या, शाप आले, डोळ्यांतून निघणारे किरण आले. बोट उचलले की वीज पडते असे झाले, की अय्याराच्या बुद्धीला काम उरत नाही. खत्रींनी पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत अय्याराचा एक मोठा गुण सांगितला आहे. दोन राजांत वैर पेटले की अय्यार आपल्या चलाखीने रक्तपात टाळून भांडण मिटवत, म्हणून दरबारात त्यांची कदर होती. मालिकेत मात्र दर रविवारी तलवारी चालल्या. रज्माने अय्यारीला गिळून टाकले.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची आहे. छापील पानावर लेखक चेहरा लपवू शकतो. वेषांतर केलेला अय्यार समोरून चालत जातो आणि वाचकाला पत्ता लागत नाही. कादंबरीतली वनकन्या कोण, याचा उलगडा शेवटी होतो. ती चंद्रकांताच निघते. पडद्यावर चेहरा दाखवल्याशिवाय चालत नाही, आणि चेहरा दाखवला की गुपित संपते. ज्या गोष्टीचा सगळा जीव ‘कोण कोण आहे’ या प्रश्नात आहे, तिला असे माध्यम मिळाले ज्याला सगळे दाखवायचीच घाई असते. ही अडचण हुशार दिग्दर्शक सोडवू शकतो. अंधार, पाठमोरी आकृती, नुसता आवाज ही साधने त्याच्याजवळ आहेत. पण दर आठवड्याला भाग पोचवायचा असतो, आणि जाहिराती मिळत आहेत तोवर कथा संपवून चालत नाही. खत्रींनीही कथा लांबवली. मात्र त्यांचा प्रत्येक धागा कुठेतरी येऊन बांधला जातो. मालिकेत धागे वाढत गेले. २०१७ मध्ये ‘चंद्रकांता’ दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर नव्याने आली. तंत्र सुधारले होते, संगणकाची करामत आली होती. तिलिस्म तरीही जादूचाच राहिला.

आमच्या पिढीने पाहिला तो ‘हातिम’, २००३-०४ चा. हातिमताईचा मूळ किस्सा साधा आहे. मुनीर शामी नावाचा शहजादा हुस्नबानोवर आशिक आहे. तिच्या सात सवालांची उत्तरे आणणे त्याला जमत नाही. हातिम त्याच्यासाठी, दुसऱ्याच्या प्रेमासाठी, रानोमाळ फिरतो. वाटेत लांडग्याच्या तोंडून हरिणी सुटावी म्हणून तो स्वतःच्या मांडीचे मांस कापून देतो. सातवा सवाल हम्माम बादगर्दचा. आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. पोपटावर तीन बाण मारायचे आणि प्रत्येक चुकलेल्या बाणाबरोबर शरीर दगडाचे होत जाते. दोन बाण चुकतात. अर्धा दगड झालेला हातिम डोळे मिटून, अल्लाहचे नाव घेऊन तिसरा सोडतो. यापेक्षा भयाण आणि यापेक्षा सुंदर प्रसंग लहान मुलाला कुठे मिळेल?

मालिकेतही हातिम दगड झालेल्या दुसऱ्या माणसासाठीच निघतो, तेवढा धागा शिल्लक ठेवल्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण किस्सा ज्याच्या दानतीवर उभा आहे त्या हातिमला तलवारबहाद्दर केले गेले आणि त्याच्यासमोर उभा केला ‘दज्जाल’ नावाचा जादूगार. दज्जाल हा आमच्याकडे कयामतच्या निशाण्यांपैकी एक. हदीसच्या रिवायतीत त्याला गंभीर जागा आहे. त्याचे नाव खलनायकाला सहज चिकटवताना कुणी विचार केला असेल असे वाटत नाही. उर्दू शाळेतली मुले त्या काळी दज्जाल म्हणजे टीव्हीवरचा काळ्या कपड्यातला माणूस असे समजून बसली, तर दोष त्यांचा नव्हता.

मूळ बदलले हाच आमचा आक्षेप आहे, असे मात्र कुणी समजू नये. दास्तान कधीच एका जागी स्थिर नव्हती. दास्तानगो मैफल पाहून कथा लांबवायचा, छाटायचा. जाह यांनी बदलले, कमर यांनी बदलले, खत्रींनी तर जादूच काढून टाकली. पण त्या प्रत्येकाने मूळ वाचले होते, आणि काय काढतो आहोत हे त्याला ठाऊक होते. जे काढले त्याच्या तोलाचे काही त्यांनी घातले. न वाचता बदलणे ही वेगळी गोष्ट आहे.

याचा उलटा पुरावा २००५ मध्ये मिळाला. दिल्लीत महमूद फारूकी यांनी दास्तानगोईला पुन्हा मंचावर आणले. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले होते. त्यानंतर ही कला जवळजवळ बुजली होती. शम्सुर्रहमान फारूकी यांनी वर्षानुवर्षे खपून सगळे सेहेचाळीस खंड जमवले, अभ्यासले, म्हणून ते पुनरुज्जीवन शक्य झाले. मंचावर काय असते? पांढऱ्या कपड्यांतले दोन माणसे, गादी, तक्के. ना किल्ला, ना वीज. तरी होशरुबा डोळ्यांसमोर उभा राहतो, कारण तो ऐकणाऱ्याच्या मनात बांधला जातो. चारही भाग तिथे सुखरूप आहेत.

आमच्या जिल्ह्यात वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड इथे उर्दू शाळा आहेत. आठवीतल्या मुलांना ‘अय्यार’ विचारला तर बहुतेकांना टीव्ही आठवतो, नाहीतर शिवी वाटते. शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलाला ‘तिलिस्म’ हा हिंदी शब्द वाटतो. दोघांचाही वारसा एकच होता, आणि दोघांनाही तो पडद्यावरून मिळाला तेव्हा त्यावरचे नाव-गाव पुसलेले होते. मालिका फसली की दोन वर्षांची करमणूक बुडते, एवढेच नुकसान असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. एका घराण्यातली भावंडे एकमेकांना ओळखेनाशी होतात, हे नुकसान मोठे आहे.

उपाय मालिकावाल्यांच्या हाती नाही. उर्दू आणि मराठी दोन्ही लिपी वाचणारे आपण आहोत. आपणच हम्माम बादगर्दचा प्रसंग, अमर अय्यारच्या दोन-चार करामती, होशरुबातली एखादी कैद आणि सुटका असे वीस-वीस पानांचे तुकडे सोप्या मराठीत आणावेत, आणि उर्दू वर्गात मूळ पाने मोठ्याने वाचावीत. पहिल्या दिवशी मुले कठीण शब्दांना अडखळतील. पण अर्धा दगड झालेला हातिम तिसरा बाण उचलतो तिथे वाचन थांबवून पुस्तक मिटून पाहावे. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक उघडायला सांगावे लागत नाही.