सीवूड्स स्टेशन ते फ्लेमिंगो: आपल्या पायाखालच्या चिखलाचा इतिहास

हा एपिसोड लोकलमध्ये ऐकताना वाशीच्या पुलावर ज्यांचं नेटवर्क गेलं, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती.

आज ट्रेक आहे, पण गड नाही, चढण नाही, पहाटे चारची एसटीही नाही. हार्बर लाइनने सीवूड्स-दारावेला उतरायचं. तिकीट वडापावपेक्षा स्वस्त. तिथून पाम बीच रोड ओलांडून खाडीच्या दिशेने चालत सुटायचं. अर्ध्या-पाऊण तासात इमारती मागे पडतात आणि समोर येतो चिखल, कांदळवन आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत फ्लेमिंगो. एनआरआय, टी. एस. चाणक्य आणि डीपीएस तलाव ही इथली तीन पाणथळ ठिकाणं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी गंडलो होतो. मला वाटलं, ओहोटीला चिखल उघडा पडतो, म्हणजे पक्षी तेव्हाच दिसणार. गेलो आणि सगळं रिकामं! करावे गावातल्या एका काकांनी सांगितलं, "अरे, भरतीला ये." त्याचं कारण सोपं आहे. ओहोटीला पक्षी ठाणे खाडीच्या मोठ्या चिखलपट्ट्यांवर चरतात. भरतीला त्या पट्ट्या बुडतात, मग ते उडून या उथळ तळ्यांवर विश्रांतीला येतात. खाडी म्हणजे त्यांचं कँटीन आणि ही तळी म्हणजे हॉस्टेल. एक बंद पडलं की दुसऱ्याचा उपयोग नाही.

मग डोक्यात प्रश्न आला. एवढ्या महागड्या शहरात हा चिखल टिकला कसा? आणि त्याआधी इथे काय होतं?

शाळेत आपल्याला सांगतात की नवी मुंबई "ओसाड" जमिनीवर वसवली. हे खरं नाही. इथे भातशेती होती, मासेमारी होती, मिठागरं होती. आगर म्हणजे मिठागर, आणि आगरी समाजाचं नाव त्या शब्दाशी जोडलेलं आहे. किनाऱ्याच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीला मातीचे बांध घालून खाजण जमीन भाताखाली आणली. बांधात एक दार ठेवायचे, त्याला म्हणतात उघाडी. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार मिटतं आणि खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, सेन्सर नाही. बांधाला खांड पडली तर अख्खा गाव टोपल्या घेऊन धावायचा, कारण एकदा खारं पाणी शिरलं की भाताचं वर्ष गेलंच, पुढची काही वर्षंही धोक्यात.

मी इंजिनिअर आहे म्हणून म्हणतो, ही चालू सिस्टीम होती. फक्त तिचं डॉक्युमेंटेशन कागदावर नव्हतं, माणसांच्या डोक्यात होतं.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' मासिकात कल्पना मांडली: मुंबईची गर्दी कमी करायची तर खाडीपलीकडे नवं शहर उभारा. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर. जमीन स्वस्तात घ्यायची, विकसित करून विकायची आणि त्याच पैशातून शहर बांधायचं, असं गणित होतं. १९७३ मध्ये खाडीवर रस्त्याचा पूल झाला, १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली.

या गणितात शेतकऱ्याचा वाटा मात्र अगदी कमी होता. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. आज आपण "साडेबारा टक्के" हा शब्द प्रॉपर्टीच्या जाहिरातींमध्ये वाचतो. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत, हा तो हक्क. त्याच्यामागे ती पाच माणसं आहेत.

पण शेताला आणि मिठागराला निदान सातबारा असतो. चिखलाला नसतो. ज्या बाया ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवं काढायच्या, त्यांचं काम कोणत्या रकान्यात लिहिणार? रकाना नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून भरपाई नाही. "पडीक" हा शब्द असा तयार होतो.

आता खरी गंमत ऐका. नव्या शहराचा बराच भाग सखल, भरतीच्या पातळीच्या आसपासचा. पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली तर पाणी जाणार कुठे? सिडकोने डच धर्तीवर होल्डिंग पाँड बांधले, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारे तलाव. त्यांच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीला बंद, ओहोटीला उघड्या. ओळखलंत ना? उघाडीच ती! लॉजिक तेच, स्केल वेगळा. नेरूळमध्ये ज्वेल ऑफ नवी मुंबईला आपण ज्या पाण्याभोवती जॉगिंग करतो, तोही असाच एक तलाव.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: इथला चिखल म्हणजे शहर बांधून उरलेली जागा नव्हे, शहर ज्याच्या भरवशावर उभं आहे ते यंत्र आहे. आणि यंत्राचं दार बंद केलं की काय होतं ते आपण पाहिलंय.

२०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात येणारं भरतीचं पाणी अडलं आणि तलाव आटला. त्याच दिवसांत आसपासच्या रस्त्यांवर भरकटलेले, जखमी आणि मेलेले फ्लेमिंगो सापडले. त्याआधी एनआरआयच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि इमारतींचा बेत होता. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रोखला, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पाणथळींसाठी पहिला आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये इराणच्या रामसर शहरात झाला. आपली ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. पण ही तळी त्या हद्दीच्या बाहेर राहिली. कँटीनला संरक्षण, हॉस्टेल वाऱ्यावर! डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायचा निर्णय व्हायला २०२५ उजाडलं, तेही स्थानिक लोक वर्षानुवर्षं मागे लागले म्हणून.

तर या रविवारी निघा. आधी मोबाइलवर भरतीची वेळ बघा आणि तासभर आधी पोहोचा. जुने बूट घाला, पाण्याची बाटली घ्या. पक्ष्यांच्या जवळ जाऊ नका, ड्रोन तर अजिबात नको. फोटो काढून झाले की दोन मिनिटं तळ्याच्या काठाने फिरा आणि भरतीचं पाणी जिथून आत येतं ती वाट शोधा. पाणी येतंय का ते बघा. येत नसेल तर फोटो काढा, तारीख-वेळ टाका आणि महापालिका, वन विभाग दोघांना पाठवा.

पूर्वी बांधाला खांड पडली की गाव धावायचा. आता त्या गावात आपणही राहतो.

एपिसोड आवडला तर ज्या मित्राला "नवी मुंबईत बघण्यासारखं काय आहे?" असा प्रश्न पडतो, त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!