उघड्या होडीतले सहा आठवडे

२८ एप्रिल १७८९ रोजी दक्षिण पॅसिफिकमधील टोफुआ बेटाजवळ ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर बंड झाले. बंडखोरांनी कप्तान विल्यम ब्लाय याच्यासह १९ जणांना २३ फूट लांबीच्या उघड्या होडीत उतरवले. इतक्या भाराने होडीचा काठ पाण्याच्या वर वीतभरही उरला नाही. टोफुआवर अन्नपाणी शोधताना बेटवासीयांच्या हल्ल्यात एक खलाशी मारला गेला. उरलेल्यांनी थेट तिमोरकडे शीड उभारले.

३ मे रोजी वादळाने गाठले. लाटांच्या खळग्यात शीड वाऱ्याअभावी लुळे पडे आणि माथ्यावर येताच तेच शीड झेपेनासे होई. तरीही ते उतरवून चालणार नव्हते, कारण होडी वाऱ्यापुढे पळती ठेवणे हाच बचाव होता. सुकाणू जरा चुकले असते, तर ती लाटेला आडवी होऊन उलटली असती. मागून पाणी आत कोसळत होते आणि माणसे ते अखंड उपसत होती. भार कमी करण्यासाठी जादा कपडे, दोर आणि शिडे समुद्रात फेकली गेली. सुताराच्या पेटीतली हत्यारे काढून तिच्यात पाव ठेवला. हा निर्णय सर्वांत मोलाचा, कारण भिजलेला पाव म्हणजे उपासमार होती. पुढे होडीभोवती कॅनव्हासचा आडोसा बांधला आणि मागच्या बैठकीच्या फळ्या ठोकून काठ सुमारे नऊ इंचांनी उंच केला.

पाऊस मात्र थांबेना. पिण्याच्या पाण्याची चिंता त्याने मिटवली, पण गारठ्याने अंग आखडू लागले. तेव्हा ब्लायने कपडे समुद्राच्या पाण्यात बुचकळून, पिळून पुन्हा घालायला लावले. ते पाणी पावसापेक्षा उबदार असल्याने थोडी ऊब मिळे. नारळाच्या करवंट्यांच्या तराजूत पिस्तुलाची गोळी वजन म्हणून ठेवून प्रत्येकाला एका वेळी जेमतेम १८ ग्रॅम पाव दिला जाई. अधिक मागणाऱ्यांनाही ब्लाय बधला नाही.

नकाशे आणि क्रोनोमीटर जवळ नसताना, होकायंत्र, क्वाड्रंट आणि स्मरणशक्ती यांच्या बळावर ब्लायने ३,६१८ सागरी मैल, म्हणजे सुमारे ६,७०० किलोमीटर अंतर पार केले. १४ जून रोजी होडी तिमोरमधील कूपांग या डच ठाण्यावर लागली. माणसे हाताळण्यात ब्लाय कठोर आणि तापट होता, पण दर्यावर्दी म्हणून त्याची योग्यता निर्विवाद आहे. टोफुआ सोडल्यानंतर समुद्रावर त्याने एकही माणूस गमावला नाही.