पागेतील उंदीर आणि मोटारीची तार

राज्याभिषेकाच्या थोडे आधी शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या बाजूस पावसाळ्यासाठी छावणीस ठेवलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना जे पत्र धाडले, त्याची ख्याती रयतेस तसदी न देण्याविषयीच्या कडक ताकिदीमुळे झाली आणि ते यथायोग्यच आहे; परंतु त्याच पत्रात, चुली, आगट्या व तंबाखूचे विस्तव यांच्या जोडीने, एका उंदराचीही दखल घेतलेली आहे, हे सहसा कोणी लक्षात ठेवीत नाही. रात्री दिवा जळत ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्यांना आग लागेल, असा त्या हुकमाचा आशय आहे. आणि दाणावैरण हातची गेली म्हणजे घोडी मरतील व लष्कर जागच्या जागी बसेल, ही जाणीव त्याच पत्रात अन्यत्र स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. एवढ्याशा प्राण्याच्या दातांत एका राज्याची वाहनशक्ती सापडू शकते, हे ज्या राज्यकर्त्याने ओळखले आणि त्याचा बंदोबस्त पागेच्या दैनंदिन व्यवस्थेतच घातला, त्याच्या दूरदृष्टीचे कौतुक आजच्या मोटारमालकाइतके मनापासून दुसरे कोण करील?

कारण उंदीर आणि वाहन यांचा शेजार मोटारीच्या जन्माहून पुष्कळच जुना आहे. जेथे घोडा तेथे हरभरा, जेथे हरभरा तेथे उंदीर, हा तबेल्याचा नित्याचा नियम होता. मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा त्या कंपनीच्या पदरी सुमारे 900 घोडी होती असे सांगतात. तेवढ्या घोड्यांच्या दाण्यावर किती मूषककुळे पोसली गेली असतील, त्याची मोजदाद कोण ठेवतो! घामाने खारटलेले चामडे या प्राण्यास कुरतडण्यास आवडते, सबब लगाम, तंग आणि खोगीर रात्री उंच खुंटीवर टांगून ठेवावे लागत, आणि तरीही साज कुरतडला गेलाच, तर मोची दोन टाके घालून देई व गाडी त्याच दुपारी रस्त्यावर येई. पुढे एकोणिसावे शतक सरता सरता मोटारी आल्या, 1907 मध्ये ट्रामही विजेवर चालू लागली, आणि श्रीमंतांच्या बंगल्यांमागील तबेले एकामागून एक मोटारखाने झाले. घोडे गेले, मोतद्दार गेले, कोचमनच्या खोलीत शोफर राहू लागला. उंदराने मात्र आपले बिऱ्हाड हलविले नाही.

त्या आरंभीच्या मोटारीत त्याला कुरतडण्याजोगे फारसे काही नव्हते, हेही खरे. इंजिन हाताने हँडल मारून चालू करावयाचे, दिवे कार्बाइडचे, आणि विजेची गरज काय ती ठिणगीपुरती, तीही मॅग्नेटो भागवीत असे. 1912 मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला, त्यापाठोपाठ विजेचे दिवे रूढ झाले, आणि तेव्हापासून तारांचा खरा संसार सुरू झाला. रबराचे वेष्टण, त्यावर सुताची वीण, अशी ती तार असे. उंदीर घरट्यासाठी सूत ओढून नेई आणि रबर उघडे पडे. दुसऱ्या महायुद्धानंतर सुताची जागा पीव्हीसीच्या प्लॅस्टिकने घेतली, परंतु तारांची संख्या अद्याप एखाद्या माणसाच्या आवाक्यातील होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटचे बॉनेट उघडले म्हणजे कोणती तार कोठून कोठे जाते, हे फूटपाथवर खोके टाकून बसलेला इलेक्ट्रिशियन डोळे झाकून सांगू शके. उंदराने हॉर्नची तार तोडली तर हॉर्न वाजत नसे, इतकेच, आणि गाडी मुकाट्याने चालत राही.

आज तसे नाही. आजच्या गाडीत तारांची एकत्रित लांबी काही किलोमीटर भरते; इंधन किती, हवा किती, धूर कसा, या प्रत्येकाची वर्दी एकेक सेन्सर मध्यवर्ती संगणकास देत असतो, आणि एका वर्दीदाराची तार तुटली की तो संगणक संशयाने ग्रासून इंजिनाची शक्तीच आखडती घेतो किंवा ते सुरूच होऊ देत नाही. अशा गाडीचे बॉनेट उघडून पाहावे. एअर फिल्टरच्या झाकणावर काळ्या लेंड्या, बॅटरीच्या कडेस ओढून आणलेला पावाचा वाळका तुकडा किंवा कोंबडीचे हाड, बॉनेटखालच्या अस्तराचा पिंजलेला कापूस, आणि त्यापलीकडे इंजेक्टरकडे जाणारी, मळलेल्या वेष्टणातून नव्या कोऱ्या तांब्याची चकाकी दाखविणारी तार. तिच्या काठावर पटाशीने पाडल्यासारख्या जोडीजोडीच्या खाचा. पटाशीची उपमा येथे निव्वळ अलंकार नाही: उंदराच्या कृंतक दातांना समोरून कठीण दंतवल्क आणि मागून त्याहून मऊ दंतिन असल्यामुळे ते झिजतात तेही धार धरून, आणि जन्मभर वाढत राहतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले म्हणजे हा बेघर प्राणी कोरडी, उबदार, माणसाचा हात न लागणारी जागा शोधतो. नुकत्याच येऊन थांबलेल्या गाडीच्या इंजिनाइतकी सोयीची जागा त्याला अन्यत्र कोठे मिळणार?

हा उपद्रव केवळ आपल्याच नशिबी आहे असे समजून कष्टी होण्याचे कारण नाही. स्वित्झर्लंड व जर्मनीत 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून मार्टेन नावाच्या, मुंगसासारख्या लांबट प्राण्याने मोटारींच्या नळ्या व तारा तोडण्याचा सपाटा लावला, आणि जर्मनीतील विमा कंपन्यांकडे आता दरसाल सुमारे दोन लाख दावे त्याच्या नावे दाखल होतात. त्याचा हेतू मात्र निराळा. रात्री एका नराच्या हद्दीत उभी असलेली गाडी दुसऱ्या रात्री दुसऱ्याच्या हद्दीत गेली, की पहिल्याचा गंध हुंगून दुसरा चवताळतो आणि त्याचा राग रबरावर निघतो. वसंतात हे प्रकार विशेष वाढतात. कॅलिफोर्नियाच्या सेक्वोया अरण्यात मारमॉट नावाचे जाडजूड कृंतक गाड्यांच्या नळ्या फोडतात, म्हणून तेथील प्रवासी अख्खी मोटार खालून ताडपत्रीत गुंडाळून ठेवतात. तारांच्या नव्या वेष्टणात सोयाबीनचा अंश असल्यामुळे उंदीर आकृष्ट होतात, अशी फिर्यादही अमेरिकेत गुदरली गेली. पण ज्या प्राण्याने सोयाबीनच्या वेष्टणापूर्वी शिशाचे नळसुद्धा सोडले नाहीत, त्याला चवीचा मोह पाडावा लागतो, हे माझ्या बुद्धीस पटत नाही.

बंदोबस्ताचा इतिहास पाहता, मुंबईस उंदराची दखल सरकारी पातळीवर घ्यावी लागली ती मोटारीसाठी नव्हे. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीच्या धान्यवखारींच्या वस्तीत गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दोन वर्षांनी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने उंदरावरील पिसवांचा त्या रोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. आणि मूषकनाश हे नगरपालिकेचे कर्तव्य ठरले. त्याच परंपरेत मुंबई महापालिकेचे मूषक संहारक आजही रात्री विजेरी व काठी घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात. रात्रीस 30 उंदीर मारून दाखविल्याखेरीज त्यांची हजेरी पुरी धरली जात नाही, अशी त्यांच्या नोकरीची अट सर्वश्रुत आहे. तथापि प्लेग ओसरल्यावर उंदीर ही पूर्वीइतकी सार्वजनिक चिंतेची बाब न राहता ज्याची त्याची खाजगी पीडा झाली, आणि खाजगी पीडेवर खाजगी तोडगे निघाले: रेडिएटरपाशी तंबाखूची पुडी, डांबराच्या गोळ्या, फिनेलचा बोळा, कोठे हिंगाचे पाणी. होंडा कंपनीने मिरचीचे तिखट सत्त्व लावलेली चिकटपट्टीच काढली. यांपैकी वासाच्या तोडग्यांचा गुण वास टिकेतोवर, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेत फार थोडे दिवस. पट्टी गुंडाळली तेवढीच तार वाचते, शेजारची उघडी राहते. गाडीत विष ठेवणे तर सर्वांत वाईट, कारण विष खाल्लेला उंदीर एखाद्या वेळी वातानुकूलनाच्या पोकळीतच प्राण सोडतो, आणि मग संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

मेकॅनिक सांगतील तो उपाय नीरस आहे, म्हणूनच त्यावर माझा भरवसा आहे. कचराकुंडीच्या किंवा धान्याच्या दुकानाच्या कडेस गाडी उभी करू नये; आसनाखाली खाऊचे कण राहू देऊ नयेत; गाडी पंधरा पंधरा दिवस एका जागी न ठेवता दर दोन-तीन दिवसांनी चालवावी, आणि पावसाळ्यात चावी फिरविण्यापूर्वी बॉनेट उघडून एकवार आत पाहावे. तार तुटलेलीच आढळली तर गाडी चालू करून पाहण्याचा मोह आवरावा, कारण उघड्या तारेने शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका असतो, आणि संपूर्ण वायरिंग बदलण्याचे अंदाजपत्रक मंजूर करण्यापूर्वी एखाद्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तुटलेल्या जागी डाग देऊन व स्लीव्ह चढवून काम भागते का, तेवढे अवश्य विचारून घ्यावे, पुष्कळदा भागते.