बैल, दास आणि वेशीआतला उपरा

बायबलात जनावरांना काय स्थान आहे, हा प्रश्न वरवर दयाधर्माचा वाटतो. मी मात्र तो सामाजिक प्रश्न म्हणून विचारतो. कारण ज्या समाजात काही माणसे जनावरांच्या ओळीत मोजली जातात, तेथे जनावराची किंमत ठरली की त्या माणसांचीही ठरते.

'उत्पत्ती'च्या पहिल्याच अध्यायात माणसाला सर्व प्राण्यांवर सत्ता दिली आहे. १९६७ साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी निसर्गाच्या नासाडीचे मूळ या ख्रिस्ती धारणेत शोधले. परंतु त्याच अध्यायात माणूस आणि जनावर दोघांनाही अन्न म्हणून वनस्पतीच नेमून दिल्या आहेत. मांसाची मोकळीक महाप्रलयानंतर नोहाला मिळते, तीही रक्त वर्ज्य करून. त्या वेळचा देवाचा करार तारवातून उतरलेल्या प्रत्येक जीवाशी आहे. म्हणजे सत्ता आहे, पण ती बेलगाम नाही.

पुढे कायदा येतो. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, असे 'अनुवाद' बजावतो. ज्यांनी खळ्यावर पात हाकली आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. राबणाऱ्याच्या तोंडात दाणा पडला पाहिजे! सातव्या दिवसाच्या नियमात बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि उपरा यांना एकत्रच विसावा दिला आहे. वाचताना बरे वाटते. पण दहावी आज्ञा पाहावी. शेजाऱ्याच्या ज्या मालमत्तेचा लोभ धरायचा नाही तिच्यात बायको, दास, दासी, बैल आणि गाढव एका रांगेत उभे आहेत. जी यादी विसावा देते तीच यादी मालकीही सांगते.

आता मेलेल्या जनावराकडे वळू. श्वापदाने फाडलेले मांस कुत्र्यांना टाकावे, असे 'निर्गम' सांगतो. आपोआप मेलेले जनावर आपण खाऊ नये, वेशीआतल्या उपऱ्याला द्यावे किंवा परक्याला विकावे, असे 'अनुवाद' सांगतो. हे वाचून आपल्यापैकी कोणाला गावकुसाबाहेरचा वाटा आठवणार नाही? १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे एक मूळ गावाबाहेर राहणाऱ्या, मेलेल्या गाईचे मांस खाणाऱ्या विखुरलेल्या माणसांच्या स्थितीत दाखवले.

तरी एक फरक नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. मढ्याला शिवणारा 'लेवीय'च्या मते संध्याकाळपर्यंत अशुद्ध. मृतमांस खाणारा देशवासी असो वा उपरा, दोघांनाही तेथे नियम एकच: अंग धुवावे, कपडे धुवावेत, सूर्य मावळला की विषय संपला. हा विटाळ जन्माला चिकटत नाही. आपल्याकडे तो सूर्यास्ताने कधी फिटला नाही.

नव्या करारात पेत्राला यापो येथे दृष्टांत होतो. आकाशातून चादर उतरते. तिच्यात सर्व तऱ्हेचे प्राणी असतात आणि ते खाण्याची आज्ञा होते. पेत्र नाकारतो. मग परजातीच्या कर्नेल्याच्या घरी गेल्यावर त्याला उमगते, की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणायचे नाही. ताटातली शिवाशीव मोडली तेव्हा दारातली मोडली.

परंतु जनावराच्या पदरी काय पडले? येशूने चिमणीही देवाला विसरत नाही असे सांगितले, खड्ड्यात पडलेले मेंढरू शब्बाथ दिवशीही बाहेर काढावे असे मानले. पौलाने मात्र मुसक्याचा नियम बैलासाठी नसून माणसासाठी आहे असा अर्थ लावला. श्रमिकाच्या मजुरीला आधार मिळाला, बैल मागे पडला. दोन हजार डुकरे बुडाल्याच्या कथेवरून ऑगस्टिनने पशुहत्या टाळणे ही अंधश्रद्धा ठरवली. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास म्हणाला, की क्रौर्य टाळावे ते माणूस क्रूर बनू नये म्हणून. जनावराचे दुःख त्याच्या लेखी स्वतंत्र कारण नव्हते.

शतकांनी उलट वाचनही झाले. १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध संस्था निघाली. पुढाकार आर्थर ब्रूम या पाद्र्याचा होता आणि गुलामीविरुद्ध लढलेले विल्बरफोर्सही तेथे होते. हा योगायोग मला वाटत नाही. ज्याने माणसाला मालमत्ता मानायचे नाकारले, त्याला मुक्या जीवाचे दुःखही दिसू लागले.

म्हणून केवळ भूतदयेची वचने दाखवणाऱ्या धर्मग्रंथाने मी भारावून जात नाही. कोणत्याही धर्माच्या ग्रंथाला मी दोन प्रश्न विचारतो. राबणाऱ्या बैलाचे मुसके सोडले का? आणि बैलाच्या रांगेत उभा केलेला माणूस त्या रांगेतून बाहेर काढला का? पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा टाळणारी दया आपण पुष्कळ पाहिली आहे.