दार उघडणाऱ्या कारकुनाची कुळकथा

जपानी मंगा चित्रकथांत एक साचा आता चांगलाच मुरला आहे. कंपनीचा साहेब देखणा, शिस्तीचा, बोलायला तुटक. वय विचारलंच तर शतकांत सांगावं लागेल असा. त्याची सेक्रेटरी त्याच्या बैठका सूर्यास्तानंतर लावते, खिडक्यांचे पडदे ओढून घेते, भिंतभर आरसे असलेलं हॉटेल टाळते. एका रात्री फाइल चाळताना कागदाची कड लागून तिचं बोट कापतं आणि पुढचं सगळं प्रेमप्रकरण तिथून सुरू होतं. याचा नेहमीचा उलगडा व्यापारी आहे: ऑफिसातलं प्रेम खपतं, व्हॅम्पायरचं प्रेमही खपतं, तेव्हा प्रकाशकानं दोन्ही माल एका गाठोड्यात बांधले. उलगडा खोटा नाही, पण तो मालाच्या खपाचा आहे, कुळाचा नाही. कुळ शोधायला गेलं की उलटंच दिसतं. रक्त पिणाऱ्याच्या गोष्टीत कचेरी मागाहून शिरलेली नाही. ती आरंभापासून तिथं आहे, कारण हा प्राणी स्वतःहून आत येऊ शकत नाही. त्याला कुणीतरी आत घ्यावं लागतं, आणि ते काम बहुतेक वेळा एखाद्या पगारी, लिहित्या माणसानं केलेलं असतं.

या कुळाची एक जुनी शाखा मराठवाड्यातच आहे. काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस कथा येतात, आणि त्यांतला राजा उज्जैनचा नाही, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा त्रिविक्रमसेन आहे. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येऊन त्याला एक फळ देतो. राजा ते न बघताच शेजारच्या कोषाध्यक्षाकडे देतो. असं दहा वर्षं चालतं. एके दिवशी माकड एक फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. राजा कोषाध्यक्षाला बाकीच्या फळांचं काय केलंस म्हणून विचारतो, तर तो सांगतो की आपण भांडाराचं दार न उघडता ती खिडकीतूनच आत टाकत होतो. कुठल्याही सरकारी खात्यात शोभेल असा हा जबाब आहे! फळं कुजून गेलेली, रत्नांचा ढीग शिल्लक. या उपकारानं बांधला गेलेला राजा मग वद्य चतुर्दशीच्या रात्री भिक्षूच्या कामावर जातो: मसणातल्या झाडाला लटकलेलं प्रेत खांद्यावर घालून आणायचं. प्रेतातला वेताळ राजाचं रक्त पीत नाही. तो प्रश्न विचारतो, राजाला हेलपाटे घालायला लावतो आणि शेवटी इशारा देतो की ज्यानं हे काम सांगितलं तोच तुझा बळी देणार आहे. म्हणजे इथं दात असलेला दिसतो तो हितचिंतक, आणि रक्त हवं आहे ते काम देणाऱ्याला. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये या कथा इंग्रजीत मांडताना वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकलं; त्या नावानं बोट चुकीच्या माणसाकडे गेलं. वेताळकथा मूळच्या गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'त होत्याच असं नाही. त्या स्वतंत्र असाव्यात असं मानायला जागा आहे. पण खुद्द गुणाढ्याची आख्यायिका या विषयाला सोडून नाही. तो सातवाहनाचा मंत्री, राजाच्या नोकरीतला माणूस. राजाला संस्कृत किती काळात शिकवता येईल या पैजेत तो हरतो, बोलीसुद्धा सगळ्या भाषा सोडतो, रानात जातो आणि पिशाचांच्या भाषेत, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोक लिहितो. ते बाड राजाकडे जातं तेव्हा राजा नाक मुरडतो. साहेबापायी कारकुनाचं रक्त कागदावर उतरल्याची याहून उघड कथा सापडणं कठीण.

दुसरी शाखा हिंगोलीची, आणि ती आख्यायिका नाही. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला निजामाच्या फौजेची मोठी छावणी होती. १८३० च्या सुमारास ठगांची धरपकड सुरू झाली, तेव्हा तिथल्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याचं, हरिसिंगाचं नाव पुढं आलं. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. त्यानं १८३९ साली लंडनला छापलेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत हे प्रकरण दिलं आहे आणि आपलाही या माणसाशी देण्याघेण्याचा व्यवहार होता हे मोकळेपणानं सांगितलं आहे. हकिकत अशी. हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन निघाला आहे, ही बातमी हरिसिंगाला आधी लागली होती. तो जिल्ह्याचा मुलकी कारभार बघणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे गेला आणि मुंबईहून कापड आणायचं आहे म्हणून रीतसर पास मागितला. पास मिळाला. वाटेत त्यानं त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारलं, त्याच पासवर माल हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघड्यावर विकला. पकडल्यावर स्वतःच कबूल केलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं, आणि कबूल करतानाही त्याला त्यात एक झकास थट्टा केल्याचा आनंद होता, असं टेलर लिहितो. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाच यार्डांवर पुरली होती. ते खड्डे उकरताना टेलर हजर होता. या गोष्टीत मला ठगांच्या गळा आवळायच्या रुमालापेक्षा पास मोलाचा वाटतो. रुमालानं माणूस मरतो. पण मेलेल्याचा माल जिवंत बाजारात आणतो तो सहीशिक्क्याचा कागद, आणि तो कागद देणाऱ्याला आपण काय आत घेतलं याचा पत्ता नसतो.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की ठग रक्त पीत नव्हते, गळा आवळत होते. त्यांना व्हॅम्पायरच्या कुळात ओढणं ही ओढाताण आहे. दात आणि रक्त हीच कुळाची खूण धरली तर हे खरं आहे. पण मग वेताळही बाहेर पडतो आणि निम्मे युरोपीय नमुनेही. मी खूण धरतो ती दिवसा चारचौघांत वावरण्याची सोय आणि ती सोय करून देणारा कागद. दुसरा आक्षेप इतिहासाचा: ठगांबद्दलची बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांनी इंग्रज अधिकाऱ्यांपुढं दिलेल्या जबान्यांतून आली, आणि जिवावर बेतलेला माणूस समोरच्याला हवं तेच बोलतो. अलीकडच्या अभ्यासकांनी ही शंका घेतली आहे आणि ती घ्यायलाच हवी. हरिसिंगाच्या बढाईत टेलरच्या लेखणीचा वाटा किती, हे वेगळं काढता येणार नाही. मात्र इथं घटनेइतकाच तिचा साचाही पुरावा आहे. एका अधिकाऱ्यानं आपल्याच खात्याच्या पासची ही फजिती छापील पुस्तकात सांगावी, यावरून भीतीचा मुक्काम मसणातून बाजारात आणि बाजारातून मेजावर हलल्याचं दिसतं.

युरोपातही तेव्हा तेच चाललं होतं. इंग्रजी गद्यातला पहिला गाजलेला व्हॅम्पायर जॉन पोलिडोरीनं उभा केला. हा पोलिडोरी कवी बायरनचा पगारी डॉक्टर. १८१६ च्या उन्हाळ्यात तो त्याच्याबरोबर जिनिव्हाला गेला, धन्याकडून टोमणे खाल्ले आणि त्याच वर्षी नोकरीला मुकला. १८१९ मध्ये त्याची 'द व्हॅम्पायर' ही कथा मासिकात आली. तिच्यातला लॉर्ड रुथवेन हा उमराव, देखणा, थंड डोळ्यांचा आणि सोबतच्या तरुणाला नासवणारा आहे. तो कुणावरून बेतला हे लपून राहिलं नाही. वर कथा छापली गेली ती बायरनच्याच नावावर! नोकरानं धन्याचे दात दाखवले आणि लेखनाचं श्रेयही काही काळ धन्यालाच गेलं. व्हॅम्पायर गावठी प्रेताचा उमराव झाला तो इथं, आणि उमराव केला एका काढून टाकलेल्या नोकरानं.

ब्रॅम स्टोकर तर अस्सल कारकून. डब्लिन कॅसलच्या सरकारी कचेरीत त्यानं नोकरी केली आणि १८७९ साली आयर्लंडमधल्या कनिष्ठ न्यायालयांच्या कारकुनांची कर्तव्यं सांगणारं जाडजूड पुस्तक लिहिलं. पुढं हेन्री आयर्विंग या नटसम्राटाच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक म्हणून सत्तावीस वर्षं तो पत्रं, हिशेब आणि दौरे सांभाळत राहिला. आयर्विंगची ऐट 'ड्रॅक्युला'त उतरली असं मानणारे पुष्कळ आहेत. १८९७ ची ही कादंबरी भयकथा म्हणून सगळ्यांना माहीत आहे. कचेरीची कथा म्हणून ती क्वचितच वाचली जाते. वकिलाच्या कचेरीतला जोनाथन हार्कर काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यावर जातो तो लंडनजवळच्या एका घराच्या खरेदीखतासाठी. काउंट त्याला कोचावर पडून इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचताना सापडतो. तो हार्करला तीन पत्रं आधीच लिहून ठेवायला लावतो, पुढच्या तारखा घालून: १२ जून, १९ जून, २९ जून. तारखा वाचून हार्करला आपल्या आयुष्याची मुदत कळते. माझ्या मते साऱ्या कादंबरीत याहून भयंकर जागा नाही, आणि तिच्यात रक्ताचा थेंबही नाही. घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय ड्रॅक्युलाला आत पाऊल टाकता येत नाही, हा नियम पुढं येतो. पण त्याला इंग्लंडात बोलावणं धाडलं ते वकिलाच्या कचेरीनंच. उलट बाजूला हार्करची बायको मीना आहे. ती लघुलेखन आणि टंकलेखन शिकलेली. साऱ्यांच्या रोजनिशा ती एकदम तीन-तीन प्रतींत टंकून काढते. काउंट येऊन कागद जाळतो खरा, पण एक प्रत तिजोरीत असते. त्याच मीनाला काउंट आपलं रक्त पाजतो आणि यापुढं ती आपली मदतनीस होईल असं बजावतो. साहेब, टंकलेखिका आणि रक्त, असा मंगाचा सगळा सांगाडा इथं उभा आहे. नाही ते फक्त तिचं मत.

ते जपानमध्ये आलं, आणि झटकन आलं नाही. योकोमिझो सेइशीनं १९३९ मध्ये ड्रॅक्युला एदोकालीन जपानात नेऊन ठेवला, तो भयकथेसाठी. हागिओ मोतोनं १९७२ पासून 'पो नो इचिझोकु'मध्ये रक्तपिपासू मुलांची एकाकी, हळवी गोष्ट मुलींच्या मंगात आणली. तिथून व्हॅम्पायर हा किळस येण्याचा विषय राहिला नाही, जीव लावण्याचा झाला. मधल्या काळात जपानी कचेऱ्यांत एक नवी बाई येऊन बसली होती. १९६३ साली एका महिला साप्ताहिकानं वाचकांना विचारून तिला 'ऑफिस लेडी' हे नाव दिलं. चहा देणं, कागदांच्या प्रती काढणं, फोन घेणं आणि लग्न ठरलं की राजीनामा देणं, एवढीच तिची कारकीर्द. रोजगारात समान संधीचा कायदा १९८५ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला, तरी चहाची किटली लगेच हातातून सुटली नाही. त्याच दशकात मोठ्या बायकांसाठीचे मंगा फोफावले आणि त्यांच्या वाचकांत या बाया मोठ्या संख्येनं होत्या. आजवर कारकुनानं दार उघडलं ते नकळत, रेनॉल्ड्सच्या पाससारखं किंवा हार्करच्या खरेदीखतासारखं. नव्या मंगातल्या सेक्रेटरीला सगळं ठाऊक आहे. साहेबाचं दिवसा जिवंत राहणं तिच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. ती एका आठवड्याची रजा टाकते आणि शतकांचा उमराव हतबल होतो.

हे सत्तेचं साखरेत घोळलेलं चित्र आहे, असा आक्षेप इथं येणारच. साहेबावर प्रेम जडलं म्हणून पगारपत्रकातला फरक मिटत नाही, आणि ज्या आपल्या देशात १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा करावा लागला, तिथं अशा गोष्टीकडे लाडानं बघणं बरं नव्हे. या आक्षेपाचा मोठा भाग मला मान्य आहे. साध्या ऑफिस-प्रेमकथेला तर तो पुरतोच, कारण तिथला साहेब गोड हसतो आणि आपण काय घेतो ते कधीच बोलत नाही. व्हॅम्पायर साहेबाला ही सोय नसते. आपल्याला तिच्याकडून काय हवं आहे ते त्याला तोंडानं मागावं लागतं, आणि तिला नाही म्हणता येतं. कार्ल मार्क्सनं १८६७ मध्ये भांडवलाला व्हॅम्पायरची उपमा दिली ती कामाच्या तासांचा हिशेब मांडताना. त्याचा व्हॅम्पायर कधीच विचारत नाही. विचारणारा व्हॅम्पायर हा त्या मानानं सुधारलेला मालक म्हणायचा, एवढंच. शोषण तरीही शोषणच.

मराठीत ही चित्रकथा अजून रुजली नाही. व्हॅम्पायर मात्र आला: नारायण धारपांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, आणि त्या मूळ कादंबरीतही पिशाच्च गावात येतं ते मालमत्तेच्या दलालाशी रीतसर सौदा करणाऱ्या एका व्यवस्थापकाच्या हातून. मग अडलं कुठं? आपल्याकडे, निदान हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, नुसतं सेक्रेटरी म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव: कर्जाच्या नोंदवह्या, थकबाकीची यादी आणि चेअरमनचं बोलावणं. तिथंही कागद त्याच्याच हातात असतो आणि सही चेअरमनची. त्याच्यावर कुणी मंगा काढलाच, तर त्यात प्रेमाला जागा थोडी आणि लेखापरीक्षणाला भरपूर ठेवावी लागेल.